खोटा काटा

वाडा पाडायला काढला तेव्हा तांब्याच्या घंगाळापासून पाटापर्यंत सगळ्याला गिऱ्हाईक होतं. आजीची शकुंतला तेवढी कुणाला नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. रविवर्म्याची, अर्थात छापील. डावा कोपरा कसरीनं खाल्लेला, मागच्या पुठ्ठ्याला दमट वास.

चित्र सगळ्यांच्या पाहण्यातलं. काटा काढायच्या मिषानं शकुंतला मैत्रिणीच्या खांद्यावर हात टेकून पाय उचलते आणि मागे दुष्यंताकडे बघते. कालिदासाकडे तो काटा म्हणजे दर्भाचा अंकुर, आणि अंगावर साडी नव्हे, वल्कलं. असो.

लहानपणी मला फक्त शकुंतला दिसायची. हल्ली नजर त्या खांद्याकडे जाते. पायात काही रुतलेलं नाही हे त्या मैत्रिणीला कळलं नसेल? पण ती गप्प उभी आहे. नाटकात तर अनसूया-प्रियंवदा याहून मोठं गुपित सांभाळतात. दुर्वासांचा शाप त्या ऐकतात, प्रियंवदा धावत जाऊन उःशाप मिळवते, आणि शकुंतलेला मात्र दोघी काही कळू देत नाहीत. नवमालिकेच्या वेलीवर कढत पाणी कोण ओतेल, असं प्रियंवदा विचारते. निरोपाच्या वेळी एवढंच सांगतात, राजानं ओळखलं नाही तर अंगठी दाखव. पुढच्या अंकांत त्या दोघी नाहीतच. मला हे कालिदासाचं चुकलंच वाटतं.

मी पुण्याला एम.ए.ची परीक्षा देत होते तेव्हा इकडे नाशिकला आई न्हाणीघरात पडली, हात मोडला. माझी मैत्रीण पंधरा दिवस रोज डबा घेऊन येत होती आणि मला पत्रात लिहीत होती, ‘इकडे सगळं ठीक, गंगेला पाणी बरंच आहे.’ कळल्यावर मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. शेवटी कालिदास कलामंदिरच्या नाटकाची दोन तिकिटं घेऊन तीच दारात उभी राहिली. नाटक भिकार होतं.

परवा तसबीर लावायला तिलाच बोलावलं. स्टूल डुगडुगत होतं.

“खांदा धर,” ती म्हणाली, “आणि गुडघा दुखत नाही म्हणून सांगू नकोस. मगाशी जिना चढताना बघितलंय मी.”

खिळा एका दमात बसला. तसबीर जरा तिरकी झालीय, पण ती म्हणते, सरळच आहे.