नानांचा बॅकअप आणि बूटचा क्रम

नानांनी शेतीचे जुने कागद, फेरफार, खरेदीखतं सगळं स्कॅन करून ठेवलंय. त्यांच्या संगणकावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आहे. संगणक सुरू झाला (म्हणजे बूट झाला) की आरसिंक या फाइलींच्या प्रती करणाऱ्या प्रोग्रॅमने त्या कागदांची प्रत पुण्याला माझ्या मशीनवर यावी, अशी सोय आहे. ती प्रत कधी यायची, कधी नाही. हे काम करणारी सर्व्हिस (मागच्या मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) हाताने चालवली की मात्र हमखास चालायची. असं दिसलं की मी पहिला संशय सुरू होण्याच्या क्रमावर घेतो.

प्रत आली नाही अशा एका बूटच्या नोंदी जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने वाचल्या. आरसिंकला पुण्याच्या मशीनचं नाव सापडत नाही, ही तक्रार आधी. वाय-फायला आयपी पत्ता मिळाल्याची ओळ बरीच खाली.

लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करायचं काम सिस्टमडी करतं, आणि सर्व्हिस कशी चालवायची हे त्याला युनिट फाइलमधून कळतं. त्या फाइलमध्ये 'आफ्टर'पुढे (म्हणजे कशानंतर सुरू व्हायचं) 'नेटवर्क डॉट टार्गेट' होतं. टार्गेट म्हणजे सुरू होण्यातला एक टप्पा. या टार्गेटचा अर्थ एवढाच, की नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली. पत्ता मिळाला का, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याचा खरा उपयोग संगणक बंद होताना: नेटवर्क जायच्या आधी सर्व्हिस थांबते. आपल्याला हवं ते 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट'. पण तेही नुसतं 'आफ्टर'मध्ये लिहून भागत नाही. 'आफ्टर' फक्त क्रम लावतं, कुणाला बोलावत नाही. म्हणून 'वॉन्ट्स'मध्येही (म्हणजे सोबत काय सुरू करायचं) तेच नाव हवं. हे दोन शब्द वेगळे आहेत, हे सिस्टमडी शिकवताना पहिल्या दिवशी सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

एवढं करूनही प्रत येईना. वाय-फायचा पासवर्ड नानांच्या कीरिंगमध्ये (लॉगिन केल्यावर उघडणाऱ्या पासवर्डच्या तिजोरीत) होता, म्हणजे त्यांनी लॉगिन केल्याशिवाय कनेक्शन जुळणारच नाही! डेस्कटॉपवर हे फार होतं, सर्व्हरवाल्यांच्या लेखांत ते सापडत नाही. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'सर्व वापरकर्त्यांसाठी' ही खूण केली आणि काम झालं.

तरी गावाकडे लाइट जाते. परत आल्यावर संगणक आधी उठतो, राउटरला लाइन मिळायला वेळ लागतो. तिथे कुठलंच टार्गेट पुरत नाही. म्हणून सर्व्हिस फसली की 30 सेकंदांनी पुन्हा सुरू व्हावी, यासाठी युनिटमध्ये 'रीस्टार्ट'ला 'ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक'ला 30 दिलंय. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू झाली की सिस्टमडी सर्व्हिसचा नाद सोडतं, पण 30 सेकंदांच्या अंतराने ती मर्यादा लागत नाही. युनिटमधले हे सगळे बदल 'सिस्टमसीटीएल एडिट' या कमांडने केले, मूळ फाइल तशीच आहे.