बंद ओठांमागचे दुखणे

माझ्याकडे तपासणीसाठी आणलेल्या त्या आजींना अल्झायमर होता आणि अलीकडे त्यांनी खाणे जवळजवळ सोडले होते. घास जवळ आला की त्या मान फिरवत, आग्रह केला की हात झटकत आणि रात्री अस्वस्थ होऊन उठून बसत. आजार पुढच्या टप्प्यात गेला, असे घरच्यांनी धरून चालले होते. तरीही मुलीने एकदा दात पाहून घ्यावेत असे ठरवले, याचे मला आजही मोल वाटते.

कुठे दुखते, या प्रश्नाला आजींनी उत्तर दिले नाही. या आजारात वेदना जाणवायची थांबत नाही. ती कुठे आहे हे ओळखून शब्दांत सांगणे तेवढे जमेनासे होते, आणि मग चिडचिड, जेवण नाकारणे किंवा गालावर सतत हात ठेवणे यांतूनच ती व्यक्त होते. जबरदस्तीने तोंड उघडण्याऐवजी मी आजींच्या हातात त्यांचाच ब्रश द्यायला सांगितला. मुलीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवून तो हळूहळू ओठांकडे नेला आणि जन्मभराच्या सवयीने ओठ आपोआप उघडले. रात्रंदिवस तोंडातच राहिलेल्या अर्धवट कवळीच्या काठाखाली खोल जखम झाली होती आणि शेजारच्या तुटलेल्या दाढेच्या मुळाशी पू साचला होता. तोंड कोरडे पडले होते. त्यांच्या एका औषधाचा तो परिचित दुष्परिणाम असल्याने त्याचा फेरविचार व्हावा, असे मी त्यांच्या डॉक्टरांना कळवले.

दाढेचे मूळ काढले, जखम भरेपर्यंत कवळी बाजूला ठेवली आणि आजी पुन्हा मऊ अन्न खाऊ लागल्या. रात्रीची अस्वस्थताही कमी झाली. स्मरणशक्तीत मात्र फरक पडला नाही, आणि तो पडेल अशी आशा मी दाखवलीही नव्हती.

दातांमुळेच हा आजार झाला का, असे मुलीने विचारले. हिरड्यांच्या जुनाट आजाराशी निगडित असलेल्या पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस या जिवाणूची विकरे (एन्झाइम) अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळल्याचे संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण त्याच विकरांना रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत, 2021 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, एकूण रुग्णांमधील बौद्धिक ऱ्हास मंदावला नाही. हिरड्यांची दीर्घकाळची सूज मेंदूला अपाय करत असावी, ही शक्यता अभ्यासक गांभीर्याने तपासत आहेत. मात्र विस्मरण सुरू झाले की दात घासणेच मागे पडते, त्यामुळे आधी काय घडले हे ठरवणे कठीण असते. म्हणून आईच्या आजाराचा दोष तिच्या दातांना किंवा स्वतःला देऊ नये, असे मी तिला स्पष्ट सांगितले. मग रात्री कवळी काढून स्वच्छ कशी करायची आणि हातावर हात ठेवून दात कसे घासायचे, हे तिच्याकडून माझ्यासमोर करवून घेतले.