सील का गळत होते: एका मुलाखतीचा अनुभव

मी एका उत्पादन कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करतो आणि निवड समितीवर बसणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. देखभाल पर्यवेक्षकाच्या पदासाठी झालेल्या मुलाखतींपैकी एक मुलाखत मात्र मी सविस्तर लिहून ठेवली आहे, कारण मुलाखतीची खरी तयारी कशी असते हे मला तिच्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसलेले नाही.

आमची पद्धत आधी सांगायला हवी. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात, कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे याचे निकष आधीच लिहिलेले असतात आणि चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्य आपले गुण स्वतंत्रपणे नोंदवतो. माणसाच्या एका गुणाविषयी बनलेले मत त्याच्या इतर गुणांच्या मूल्यमापनातही झिरपते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवले होते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या संशोधनाचे फेरविश्लेषण केले, तेव्हा नियोजनबद्ध मुलाखतीतील गुण आणि पुढे नोकरीत दिसलेली कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सरासरी ०.४२ आढळला, तर ऐनवेळी सुचेल ते विचारण्याच्या मुलाखतीत तो केवळ ०.१९ होता. हे आकडे त्या दिवशी माझ्यासमोर खोलीतच खरे होताना दिसले.

उमेदवार बाई आत आल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. हे पद का हवे आहे, या पहिल्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मध्येच तुटले आणि त्यांनी ते कसेबसे पूर्ण केले. गप्पांच्या ओघात चालणारी मुलाखत असती, तर समितीचे मत तिथेच ठरले असते, याबद्दल मला शंका नाही.

दुसरा प्रश्न होता: ‘वारंवार होणारा एखादा बिघाड तुम्ही मुळापासून दूर केल्याचा प्रसंग सांगा.’ या प्रश्नावर बहुतेक उमेदवार मूळ कारण शोधण्याच्या पद्धतींची नावे सांगतात आणि ‘आम्ही टीम म्हणून ते सोडवले’ असे म्हणून थांबतात. बाईंनी एका पंपाची हकिकत सांगितली. त्या पंपाचे मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतून (शाफ्टभोवतून) द्रव बाहेर येऊ न देणारा भाग, पुन्हा पुन्हा गळत असे आणि दर वेळी नवे सील बसवून काम पुढे ढकलले जाई. त्यांनी लॉगबुकमधून सील बदलल्याच्या सर्व तारखा काढल्या, तेव्हा शेजारची पाइपलाइन बदलल्यानंतरच हा त्रास सुरू झाल्याचे लक्षात आले. पाइप सुटा असताना मोटर आणि पंप यांचे अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका सरळ रेषेत असणे, बरोबर येत होते; पण पाइप पंपाला जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट आवळताना, मोटर व पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगवर लावलेल्या डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या उपकरणाचा) काटा सरकत होता. हे सरकणे ०.०५ मिलिमीटरच्या आत राहायला हवे, इथे ते कितीतरी अधिक होते. म्हणजे पाइपच पंपाला ओढत होता. आधार दुरुस्त करून पाइप नव्याने बसवल्यावर सीलचे गळणे थांबले. हे सगळे सांगताना त्यांचा आवाज कधी स्थिर झाला, ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

आमच्या तांत्रिक सदस्यांनी विचारले, ‘पाइप सोडवून पाहण्याची कल्पना कोणाची होती?’ बाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, ‘सर, कल्पना फिटरची होती. तारखा जुळवणे, रीडिंग घेणे आणि उत्पादन विभागाकडून पंप बंद ठेवण्याची परवानगी मिळवणे हे काम माझे होते.’ माझ्या मते संपूर्ण मुलाखतीतील हे सर्वांत मोलाचे वाक्य होते, कारण आपला वाटा इतका नेमका सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या उत्तरांवरही विश्वास ठेवता येतो.

पुढे व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या विद्युत उपकरणावर) चालणाऱ्या मोटरचे बेअरिंग लवकर खराब होण्याविषयी प्रश्न आला. या विषयावर आपण काम केलेले नाही, हे त्यांनी सरळ सांगितले. मात्र शाफ्टमधून बेअरिंगकडे वीजप्रवाह जातो का, हे आधी तपासून पाहू आणि काढलेल्या बेअरिंगच्या आतल्या धावपट्टीवरच्या (गोळ्या जिच्यावरून फिरतात तिच्यावरच्या) खुणा पाहू, असा विचार त्यांनी मोठ्याने मांडला. शेवटी त्यांना काही विचारायचे आहे का, असे आम्ही म्हटल्यावर त्यांनी विचारले, ‘पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या यंत्राचे बंद राहणे कमी व्हावे, अशी तुमची अपेक्षा आहे?’

गुणपत्रके एकत्र ठेवली तेव्हा पहिल्या प्रश्नाला त्यांना सर्वांनीच कमी गुण दिलेले होते आणि तरीही एकूण गुणांत त्या बऱ्याच पुढे होत्या. निवडीवर वाद झालाच नाही.

त्या रुजू झाल्यावर मी त्यांना तयारीविषयी मुद्दाम विचारले. जाहिरातीतील प्रत्येक जबाबदारीसमोर त्यांनी आपल्या कामातला एक खरा प्रसंग लिहिला होता: परिस्थिती काय होती, निर्णय कोणी घेतला, स्वतः काय केले आणि त्याने काय बदलले. आकडे आठवणीवर न सोडता त्यांनी जुन्या नोंदवह्यांतून तपासले होते. नंतर घड्याळ लावून प्रत्येक प्रसंग मोठ्याने सांगण्याचा सराव केला. वाक्ये मात्र पाठ केली नाहीत, कारण पाठ केलेले उत्तर पहिल्याच उपप्रश्नाला कोसळते, असे त्या म्हणाल्या. आमच्या विभागात ज्या पद्धतीचे प्रशिक्षण आम्ही पैसे मोजून घेतो, ती त्यांनी स्वतःच्या विचाराने शोधली होती, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

त्यानंतर मी मुलाखतीच्या बोलावणेपत्रात दोन वाक्ये घालून घेतली आहेत: प्रश्न प्रत्यक्ष केलेल्या कामातील प्रसंगांवर असतील आणि उमेदवारांनी एक पानभर टिपणे सोबत आणण्यास हरकत नाही. अनेकजण ते पान आणतात, आणि ज्यांच्या पानावर तारखा आणि मोजमापे असतात, त्यांच्याशी होणारे बोलणे लवकरच प्रत्यक्ष कामावर येऊन पोहोचते.