तुम्ही विचारलंत म्हणून: सिग्नलवरून अंतर बरोबर का येत नाही?

काटोलकडच्या संत्र्याच्या बगिच्यांत आम्ही मातीचा ओलावा मोजणारे डबे लावतो. ते पाहिले की हमखास प्रश्न येतो, "सर, सिग्नल कमी म्हणजे डबा दूर, जास्त म्हणजे जवळ. मंग अंतर बरोबर काहून नाही येत?" नागपुरात आमच्या कॉलेजातली मुलंही हेच विचारतात.

डबा कुठे आहे हे शोधावं लागतं, कारण डबे जागेवर राहत नाहीत. मशागतीच्या वेळी मजूर ते बाजूला काढतात आणि परत ठेवताना झाड बदलतं. अंबिया बहारासाठी (हिवाळा संपताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून झाडांना ताण देतात. त्या दिवसांत कोणत्या झाडाखालची माती किती सुकली, यावर पाणी कधी सोडायचं ते ठरतं. भलत्याच झाडाचा आकडा हाती आला, तर त्यापेक्षा आकडा नसलेला बरा. प्रत्येक डब्यात जीपीएस बसवलं तर बॅटरी लवकर संपते. शिवाय मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएससुद्धा साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि आमची झाडं 6 मीटरवर आहेत. (डबे हलणारच नसतील तर यातलं काहीही करू नका. खोडावर रंगाने नंबर टाका, तेच उत्तम.)

रेडिओ मात्र प्रत्येक डब्यात असतोच. निरोप आला की तो किती जोराने आला हे चिप आपोआप सांगते, वेगळा खर्च नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल 6 डेसिबलने उतरतो. बगिच्यात तो जास्त वेगाने उतरतो, आणि सगळी अडचण इथेच आहे. समजा 1 मीटरवर उणे 45 डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) मिळतात आणि आत्ता उणे 71 मिळाले. मोकळ्या मैदानाचं सूत्र लावलं तर डबा 20 मीटरवर. दाट झाडीत अंतर दसपट झालं की मोकळ्या मैदानातल्या 20 ऐवजी 30 डेसिबल जात असतील, तर तोच डबा जेमतेम 7 मीटरवर. आकडा एकच, पण उत्तरात दोन ओळींचा फरक.

म्हणजे सिग्नल अंतर सांगतच नाही. डब्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेत काय काय आहे, ते सांगतो. ओली पानं डब्यातल्या रेडिओच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषतात. माणसाच्या शरीरातही पाणीच, त्यामुळे मोजणारा मध्ये उभा राहिला तरी आकडा पडतो. जमिनीवरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीला कधी बळ देते, कधी मारते. लहरीची लांबीच साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे डबा वीतभर सरकवला तरी आकडा बदलू शकतो.

त्यात चूक अंतराच्या पटीत वाढते, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. त्याच दाट बगिच्यात 3 डेसिबलची चूक 5 मीटरला सव्वासहा करते, 40 मीटरला 50 करते. म्हणून जागा ठाऊक असलेले, रेडिओ बसवलेले खांब बगिच्यात थोडे जास्तच लावावेत आणि जवळच्या खांबांचं जास्त ऐकावं. लांबच्या खांबालाही तेवढंच वजन देणारं गणित मला पटत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही ताणाच्या दिवसांत मोजणी केली. तेव्हा पानं मलूल, काही गळालेली. तेच सूत्र पावसाळ्यात वापरलं आणि डबे नकाशावर धुऱ्याच्या पलीकडे जाऊन बसले. नवी पालवी फुटली होती, पानं चिंब होती, सिग्नल दबला होता, आणि आमचं गणित त्याला अंतर समजत होतं.

आता खांब रोज एकमेकांचा सिग्नल मोजतात. त्यांच्यातली अंतरं टेपने मोजलेली आहेत, त्यामुळे आज या बगिच्यात सिग्नल किती वेगाने उतरतोय ते त्यांच्याकडूनच कळतं, आणि त्या दिवशीचं सूत्र त्या दिवशीच बनतं. तरीही आम्ही शेतकऱ्याला एकच झाड दाखवत नाही. "या झाडाच्या आसपास" असं सांगतो आणि नकाशावर वर्तुळ काढून देतो. जवळ खांब असेल तिथे ते एका झाडाएवढं असतं, कडेच्या ओळींत तीन-चार झाडांएवढं.