मामाजींची संत्र्याची बाग आणि डाळीएवढ्या आयसी

मामाजींची बाग काटोलच्या अलीकडे आहे, साडेतीनशे झाडं संत्र्याची. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा फुलोरा, धरायचा म्हणून दरवर्षी डिसेंबरात ते पाणी तोडतात. झाडाला ताण बसला पाहिजे, पानं मलूल झाली पाहिजेत, पण झाड हातचं जायला नको, आणि हे सगळं मामाजी मुठीत माती दाबून ठरवतात. गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी फराळाला गेलो तर म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिकचा हायेस ना बाबू, मंग मातीत किती ओल हाये थे घरी बसून दिसन असं काही बनव ना." मी चकलीच्या नादात हो म्हणून बसलो आणि पुढचं सव्वा वर्ष त्यात गेलं.

मी हिंगणा एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर कॉन्टॅक्टर, रिले, चोवीस व्होल्ट, जाड जाड वायरी. डिप्लोमा आमचा अख्खा ७८०५ (ठराविक व्होल्टेज देणारा रेग्युलेटर) आणि एलएम३५८ (छोटा सिग्नल मोठा करणारा ऑपअँप) यांच्यावर निघाला, त्यामुळे मला वाटलं यात काय एवढं. टेन्शिओमीटर नावाची नळी मामाजींकडे आधीपासून होती. खाली सच्छिद्र मातीचा कप, आत पाणी, माती सुकली की ती कपातून पाणी ओढते आणि नळीत व्हॅक्यूम तयार होतो, वरच्या घड्याळावर तो वाचायचा. साधारण ऐंशी किलोपास्कलपर्यंत चालते, त्यापुढे नळीत हवा शिरते. मी म्हटलं घड्याळ काढून तिथं प्रेशर सेन्सर लावू, लोरा नावाच्या लांब पल्ल्याच्या रेडिओ मॉड्युलनं आकडा घरी पाठवू, एक लिथियम सेल, झालं.

पहिला डबा तीन आठवडे चालला. नेमके तीनच.

कारण हसण्यासारखं होतं. तयार मॉड्युलवर एएमएस१११७ रेग्युलेटर होता आणि तो काही काम नसताना स्वतःच पाच मिलीअँप पितो. सेल २६०० मिलीअँप-अवरचा, भागून बघा, ५२० तास, म्हणजे बावीस दिवससुद्धा नाही. बाकी सर्किट झोपवण्यासाठी मी रात्र रात्र कोड लिहीत होतो आणि दारातला वॉचमनच सगळा डबा खाऊन बसला होता. त्यात अजून एक गंमत, या रेग्युलेटरला इनपुट आणि आउटपुटमध्ये एक-सव्वा व्होल्टचा फरक लागतो, म्हणजे ३.३ मिळवायचे तर वर साडेचार पाहिजे, आणि लिथियम सेल भरलेला असतानाच ४.२. म्हणजे ते रेग्युलेशन वगैरे काही होतच नव्हतं, सेल जसजसा उतरेल तसतसा ३.३ पण उतरत होता, सेन्सरचं आउटपुट त्याच्याबरोबर उतरत होतं, आणि एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) रेफरन्स, म्हणजे मोजायचं माप, मात्र त्याच्या आत, स्वतःचा, जागच्या जागी. त्यामुळे माती सुकत चालली तरी आकडा पाहिजे तेवढा चढेना. मामाजी फोनवर, "तुह्या डब्यानं सांगतलं ओल हाये, अन् इथं भेगा पडून रायल्या." काय बोलणार.

दुसरं दुखणं, सेन्सरचा सिग्नल मोठा करायला लावलेला एलएम३५८. सेन्सर एमपीएक्स२१००, त्याचा हिशोब दहा व्होल्टवर शंभर किलोपास्कलला चाळीस मिलिव्होल्ट. मी देतोय तीन व्होल्ट, म्हणजे शंभरला बारा मिलिव्होल्ट, एका किलोपास्कलला ०.१२. आणि एलएम३५८ ची ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही राहणारी चूक, डेटाशीटमध्ये (आयसीच्या माहितीपत्रकात) जास्तीत जास्त सात मिलिव्होल्ट लिहिलीय! सात भागिले ०.१२, अठ्ठावन्न किलोपास्कल झाले ना भाऊ. अर्धी पट्टी तर तिथंच गेली. अर्थात ऑफसेट सॉफ्टवेअरमधून वजा करता येते, मी केलीच, पण मग चार रेझिस्टर एक टक्क्याचे, ते एकमेकांशी जुळत नाहीत, तापमानाबरोबर ऑफसेट सरकते, आणि जानेवारीत आमच्याकडे पहाटे बारा डिग्री तर दुपारी तीस. एका चुकीवर दुसरी झाकत बसायचं.

मग मी पहिल्यांदा नीट बसून डेटाशीट वाचल्या. वीस वर्षं या लाइनमध्ये आहे पण पिनआउट, म्हणजे कुठला पाय कशाचा ते चित्र, सोडून पुढची पानं कधी उघडली नव्हती, खरं सांगतो. रेग्युलेटरला एमसीपी१७००, तीन व्होल्टवाला, स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँप आणि २५० मिलीअँप देतो, लोराच्या झटक्याला पुरेसा. पाच मिलीअँपच्या जागी १.६ मायक्रो, तीन हजार पट कमी, आणि आकार तांदळाच्या दाण्याएवढा. अँप्लिफायरला आयएनए३३३, झिरो-ड्रिफ्ट, म्हणजे ऑफसेट जवळपास न सरकणारा, जास्त गेनला (सिग्नल जितके पट वाढवायचा तो आकडा) ऑफसेट २५ मायक्रोव्होल्टच्या आत, म्हणजे माझ्या हिशोबात ०.२ किलोपास्कल. एकच बाहेरचा रेझिस्टर, एक किलोओहम लावला की गेन १०१. बाकीचे रेझिस्टर आतच, लेझरनं जुळवलेले, माझ्या सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या पाकिटातल्यासारखे नाहीत.

बोर्ड काढला, आयसी मागवल्या. पाकीट उघडलं तर आयसीला पायच नाहीत.

झालं असं की आयएनए३३३ च्या नावाच्या शेवटी अक्षरं असतात, डीजीके म्हणजे बाजूला पाय असलेलं पॅकेज आणि डीआरजी म्हणजे बिनपायाचं, खालीच पॅड. दोन्ही तीन बाय तीन मिलिमीटर, दोन्हीला आठच कनेक्शन. स्टॉकमध्ये जे हिरवं दिसलं ते मी क्लिक केलं. पाच नग. परत घ्यायला तयार नाहीत, त्यांची चूक नव्हतीच म्हणा. कंपनीतला एक पोरगा मोबाईल रिपेअरिंग करून आलेला, तो म्हणाला सर उलटी चिकटवा आणि वायरी ओढा. मसुराच्या डाळीएवढी आयसी पाठीवर झोपवून अर्ध्या मिलिमीटरवरच्या पॅडला एनॅमल वायरचा केस लावायचा, वर पंखा बंद, मे महिना, नागपूर. घामाचा थेंब बोर्डवर पडला तो दिवस मी तिथंच सोडला. शेवटी बोर्ड नवीन काढला, त्याच डीआरजीसाठी, सोल्डर पेस्ट लावून हॉट एअरनं बसवली. आयसी पेस्टवर तरंगत असते आणि सोल्डर वितळलं की एकदम स्वतःच सरळ होऊन जागेवर बसते, ते बघायला मजा येते, मी उगाच एक काढून परत बसवली.

चालू केलं तर नवीनच. सेन्सरची दोन्ही तोंडं उघडी, म्हणजे दाब शून्य, आउटपुट ०.३० व्होल्ट यायला पाहिजे, येतंय ०.५७. हे ०.३० मीच ठरवलेले, सेन्सर थोडा उणे गेला तर आउटपुट तळाला टेकू नये म्हणून रेफ पिनला (आउटपुटचं शून्य ठरवणारा पाय) दोन रेझिस्टरचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडी, ९१० के आणि १०० के (के म्हणजे किलोओहम). मुद्दाम मोठे घेतले, करंट वाचवायला, फार हुशारी केली. आधी सेन्सर बदलला. मग आयसी बदलली. मग वाटलं हॉट एअरनं जळाल्या असतील, दोन दिवस तोंड पाडून बसलो. शेवटी मीटर थेट रेफ पिनवर ठेवला, तिथंच ०.५७. आयसी उपसून बघितलं तर तोच डिव्हायडर बरोबर ०.२९७ दाखवतोय.

म्हणजे आयसीच्या आतून कोणीतरी त्या पिनवर ढकलतंय. डेटाशीटमधलं आतलं चित्र उघडलं, रेफ पिनच्या मागे दीडशे के चे दोन रेझिस्टर आहेत आणि ते आतल्या अँप्लिफायरच्या आउटपुटला जातात, तिथं माझ्या केसमध्ये दीड व्होल्ट. कागदावर मांडलं, दीड व्होल्ट तीनशे के मधून, इकडे डिव्हायडरचे मिळून नव्वद के, उत्तर ०.५७५. पेन खाली ठेवलं आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. रेफ पिन दणकट सोर्सनं धरायची असते हे त्याच डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय, चित्रासकट. नुसतं शून्य सरकलं असतं तर वजा केलं असतं, पण दाबाबरोबर आतलं आउटपुट हलतं, मग रेफ पण हलते, गेन पण बिघडतो. मध्ये ओपीए३३३ बफर म्हणून, म्हणजे रेफ पिन घट्ट धरणारा ऑपअँप म्हणून टाकला, सतरा मायक्रोअँपवाला, आणि ०.३० आले.

पण ते आले दुसऱ्या ओपीए३३३ ने. पहिला मी घाईत इथल्याच एका दुकानातून घेतला होता, खूपच स्वस्त, छाप पण बरोबर. याची ऑफसेट जास्तीत जास्त दहा मायक्रोव्होल्ट असते, त्यानं दाखवली तीन मिलिव्होल्ट. आत कोणाचा तरी साधा ऑपअँप आणि वरून नाव दुसऱ्याचं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणतो, "चालते तर हाय ना?" हो बाप्पा, चालते. तेव्हापासून कुठलाही प्रिसिजन म्हणून आलेला ऑपअँप आधी गेन शंभर लावून इनपुट शॉर्ट करून बघतो, दोन मिनिटांत कळतं. एलएम३५८ मात्र अजूनही तिथूनच घेतो, त्याची कोण नक्कल करणार.

झोपेतला करंट मोजतानाही असाच वेळ गेला. मल्टिमीटर मायक्रोअँपवर लावला की बोर्ड सुरूच होईना, सारखा रिसेट. मीटरच्या त्या रेंजमध्ये आत शंट रेझिस्टर असतो, सुरू होतानाचे काही मिलीअँप त्यातून गेले की तिथंच व्होल्टेज पडतं. उपाय जुगाडू पण चालतो, मीटरच्या दोन्ही प्रोबवर एक वायरचा तुकडा आडवा धरायचा, बोर्ड सुरू होऊ द्यायचा, तो झोपला की तुकडा काढायचा. काढला, आकडा आला २१९ मायक्रोअँप. मला अपेक्षा नऊची. दोनशे दहा कोण खातंय? बॅटरीचं व्होल्टेज वाचायला मीच लावलेले दहा के चे दोन रेझिस्टर, ४.२ भागिले वीस हजार, बरोबर २१०. एक-एक मेगओहमचे लावले, एडीसीच्या पायाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला, नाहीतर रीडिंग कमी येतं. सेन्सर आणि दोन्ही अँप्लिफायर एका मॉसफेट स्विचमागे टाकले, तासातून एकदा क्षणभर जागे होतात, बाकी वेळ पूर्ण बंद, कारण तो सेन्सरचा ब्रिज (आतली रेझिस्टरांची चौकट) एकटाच दीड-दोन मिलीअँप ओढतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डबा बसवला. जानेवारीत पहाटेचे आकडे ५५, ६१, ६६ असे चढत गेले, मामाजी रोज फोन करून विचारायचे आणि मी सांगायच्या आत स्वतःचा अंदाज सांगायचे, बहुतेक वेळा जवळपासच असायचा. ७० झाल्यावर ओलीत सुरू केलं, तिसऱ्या दिवशी आकडा १२. दुपारचं रीडिंग आम्ही धरत नाही, ऊन लागलं की नळीतलं पाणीच फुगतं, त्याला कुठलीच आयसी काही करू शकत नाही.

बसवला तेव्हा सेल ४.१५ होता, काल एप्रिलची तेरा तारीख, ४.०६ दाखवत होता. नळीत हवा मात्र शिरतेच, दर पंधरा दिवसांनी मामाजी पाणी उकळून गार करून घेऊन जातात आणि भरतात, आणि आता म्हणतात खालच्या वाफ्यात पण एक पाहिजे. डीआरजीच्या दोन आयसी उरल्यात.