मिनी ट्रकची टाकी, इथेनॉल अन् पावसाळ्याचं पाणी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी गाडी काढायला गेलो तर चालूच होईना. सेल्फ मारला की एकदा पकडल्यासारखं करे, थरथरे अन् बंद. आमची गाडी म्हणजे पेट्रोलवाला मिनी ट्रक, २०२० चं मॉडेल, भाड्यानं देत नाही, घरचीच आहे, खताच्या बोऱ्या, ढेप, फवारणीचे ड्रम अन् सीझनला संत्र्याचे कॅरेट, एवढंच तिचं काम. वावरात गुडघाभर चिखल म्हणून तीन आठवडे टिनाच्या शेडात उभी होती, टाकीत असेल पाव टाकी पेट्रोल. बॅटरी चांगली, प्लग चांगले, मग झालं काय?

मिस्त्री आला. त्यानं बॉनेट बिनेट काही उघडलं नाही, सरळ टाकीचं झाकण काढलं अन् आतल्या रबरावरून बोट फिरवलं. रबराला चिरा पडलेल्या. वरून शेडच्या पत्र्याला भोक, अन् पावसाचं पाणी नेमकं तिथूनच टपकत होतं. मग त्यानं टाकीच्या तळातलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं अन् उन्हात धरलं. वर पिवळट पेट्रोल, खाली पाण्यासारखा जरा धुरकट थर, मधात विळ्यानं कापल्यासारखी सरळ रेघ. खालचा थर चांगला चार बोटं होता. मी म्हटलं एवढं पाणी गेलं का आत? तो म्हणे, "नाही भाऊ, पाणी एवढुसंच गेलं, बाकीचं इथेनॉल हाय. पाण्यानं त्याले आपल्याकडं ओढून घेतलं."

ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून इथं नीट लिहून ठेवतो. पूर्वी साध्या पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी गेलं तर ते चमचाभरच पाणी तळाशी बसे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असते, त्याचं तसं नाही, ते दारूचाच भाऊ, पाण्यात सहज मिसळते. थोडंसं पाणी असलं तर ते मिश्रण पोटात घेते अन् काही कळतही नाही, पण पाणी एका हद्दीच्या पुढं गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडते अन् पाण्यासोबत खाली जाऊन बसते. टाकीतला पंप तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला आधी तेच पाणी-इथेनॉल मिळते, अन् वर जे पेट्रोल उरते त्याचा ऑक्टेनही (म्हणजे इंजिनात न ठोकता जळायचा गुण) इथेनॉल गेल्यानं कमी झालेला असते.

खात्री पटावी म्हणून मी घरी स्वतः करून पाहिलं. आवारात, मोकळ्या हवेत, विडी-काडी दूर ठेवून. फवारणीचं औषध मोजायचं उभं प्लास्टिकचं माप असते न, त्यात १०० मिली पंपावरचं ताजं पेट्रोल घेतलं, २० मिली पाणी टाकलं, हलवलं अन् पाच मिनिटं ठेवलं. खालचा थर २० चा पार ४० च्या जवळ आला. पाणी आपण २० च टाकलं, मग वरचे २० कुठून आले? तेच ते ई२०, शंभरात वीस भाग इथेनॉल. (तपासलेलं पेट्रोल परत टाकीत टाकू नका.)

तर आमची टाकी पूर्ण खाली केली, पंपाची जाळी धुतली, फिल्टर बदललं. जुन्या फिल्टरमध्ये तपकिरी चिकट गाळ होता, मिस्त्री म्हणे वर्षानुवर्षं टाकीला चिकटलेला मळ इथेनॉल सोडवते अन् तो फिल्टरमध्ये येऊन अडकते. झाकणाचं रबर नवं टाकलं, शेडचं भोकही बुजवलं. अठराशे रुपये गेले, वर सणाचा दिवस गेला तो वेगळाच.

आता मायलेजचं. गाडीच्या डॅशबोर्डवर मी एक वही ठेवतो, टाकी फुल्ल केली की किलोमीटर लिहायचे, पुन्हा फुल्ल केली की लिटर लिहायचे, गाडी घेतली तेव्हापासूनची सवय. पहिल्या दोन-तीन वर्षांत माल भरून १७ चा ॲव्हरेज येत होता, आता १६ येते, कधी थोडा खालीच. आमच्या वरूडवरून जलालखेडा, काटोल करत नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटला जाऊन परत यायचं म्हणजे २०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका फेरीला पाऊण लिटर जास्त, पाऊणशे-ऐंशी रुपये. गाडी जुनी होऊन राहिली हेही खरं, सगळा दोष मी इंधनावर टाकत नाही. पण हिशोब जुळते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ताकद कमी होणारच. नीती आयोगाच्या इथेनॉलवरच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे की ई१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत ई२० वापरलं तर ६ ते ७ टक्के घट येऊ शकते. पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही पार्ट अन् गॅस्केट बदलावे लागू शकतात. माझी गाडी त्यातच येते, ई२० चे मटेरियल असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या.

वेग पाहा किती होता. २०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये १० टक्के झालं. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई२० सुरू झालं, आधी जे २०३० चं टार्गेट होतं ते २०२५ वर आणलं अन् २०२५ मध्ये २० टक्के गाठलंही. गाडी मात्र आमच्याकडं तीच आहे, ती दहा-पंधरा वर्षं वापरायची म्हणूनच कर्ज काढून घेतली होती.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, हे मनापासून सांगतो. आपल्या नागपूरनं तर २०१४ मध्येच इथेनॉलवर चालणारी बस रस्त्यावर पाहिली, गडकरी साहेब तेव्हापासून हेच सांगत आले. बाहेरून तेल आणण्यापेक्षा कास्तकाराच्या मालाचं इंधन झालं तर मला आनंदच आहे. आमच्या शेजारच्या काकांनी सोयाबीन सोडून मका लावला, ते म्हणतात, "तुह्या टाकीत माह्याच मका हाय न बाप्पा, कायले वरडतं?" एक टन मक्यातून पावणेचारशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघते, त्यामुळं काकांचं म्हणणं मला पटते. २०२५-२६ ला मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता, बाजारात तेवढा हातात पडला पाहिजे, तो मुद्दा वेगळा. उसाच्या इथेनॉलचं मात्र मला कोडं पडते, नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात लिटरमागं २८६० लिटर पाणी लिहिलं आहे, अन् आमच्या तालुक्यात बोअर किती खोल गेले ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीवाल्याला विचारात घ्या. आराखड्यातच म्हटलं होतं की जुन्या गाड्यांसाठी ई१० मिळत राहावं अन् ताकद कमी असलेल्या इंधनाचा भावही कमी असावा. आज पंपावर दोन्ही दिसत नाही. २०२५ मध्ये पेट्रोल तेच १०४-१०५ रुपये होतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती, १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली गेली. भावात दोन-तीन रुपयांचा फरक तरी द्या न, पाऊणशे रुपयांत मजुराचा चहा-नाश्ता होते.

डिझेल गाडीवाले फोन करून विचारून राहिले, त्यांनी काळजी करू नये, हे सगळं पेट्रोलचं आहे, डिझेलमध्ये इथेनॉल टाकत नाहीत.

पेट्रोलवाल्यांनी मात्र पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी फुल्ल ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते. झाकणाचं रबर दरवर्षी पाहा, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे. आठ दिवसांतून एकदा गाडी फिरवून आणा, नुसती चालू करून बंद करू नका. अन् पाणी गेल्याची शंका आली तर सेल्फ मारत बसू नका, आधी तळाचं पेट्रोल बाटलीत काढून पाहा.

आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा सुरू झाला आहे. परवा पहाटे ३५ कॅरेट घेऊन कळमन्याला निघायचं आहे, टाकी काल फुल्ल केली अन् वहीत किलोमीटर लिहून ठेवले.