तुम्ही विचारलंत म्हणून: अपग्रेड अडकलं, आता ‘फोर्स’ मारू का?

डेबियन ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने असा असतो: “डेबियन १२ वरून १३ वर चाललोय. ॲप्ट म्हणतं, ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. मी तर काहीच होल्डवर ठेवलेलं नाही. फोर्स करून टाकू का?”

नको. निदान इतक्यात नको.

आधी तो संदेश. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं (प्रोग्रॅम आणि लायब्ररींचे गठ्ठे) आणणारा-बदलणारा प्रोग्रॅम. ‘हेल्ड’ म्हणजे तुम्हीच होल्डवर (आहे त्याच आवृत्तीवर गोठवून) ठेवलेलं, असं नाही. ॲप्टने जुळवाजुळव करून पाहिली आणि कुठलं तरी पॅकेज जागचं हललं नाही, एवढंच त्याला म्हणायचंय. खरंच होल्ड आहे का, हे ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ लगेच सांगतं. उत्तर कोरं आलं की तो विषय संपला. संदेशाची शब्दरचना वाईट आहे, आणि वर्षानुवर्षं तशीच आहे.

खरी माहिती त्या संदेशाच्या वरच्या ओळीत असते. समजा ती अशी आहे:

लिबअमुक-डेव : डिपेंड्स: लिबअमुक१ (= २.४-१) बट २.५-३ इज टू बी इन्स्टॉल्ड

म्हणजे लिबअमुक-डेवला लिबअमुक१ ची २.४-१ हवी, पण ॲप्टपुढे २.५-३ आहे. बहुतेक जण इथे लिबअमुक-डेवच्या मागे लागतात, कारण ओळीत पहिलं नाव त्याचं आहे. पण त्याचं काही चुकलेलं नाही. डेव पॅकेजमधल्या (त्या लायब्ररीवर प्रोग्रॅम बिल्ड करायला लागणाऱ्या) हेडर फाइल आणि मूळ लायब्ररी एकाच बिल्डमधल्या असाव्या लागतात, म्हणून ते ‘बरोबर हीच आवृत्ती’ असा हट्ट धरतं. ‘इज टू बी इन्स्टॉल्ड’ वाचूनही फसू नका. २.५-३ नव्याने येणार आहे असा त्याचा अर्थ असेलच असं नाही. मशीनवर आधीपासून असलेली आणि तशीच राहणारी आवृत्तीही ॲप्ट याच शब्दांत सांगतं. मग ही २.५-३ आली कुठून?

त्यासाठी ‘ॲप्ट पॉलिसी लिबअमुक१’ चालवा. त्याच्या उत्तरातल्या खालच्या तक्त्यात तीन तारे असलेली आवृत्ती म्हणजे मशीनवरची. तिच्याखाली प्रत्येक स्रोताची ओळ असते आणि ओळीच्या सुरुवातीला प्राधान्याचा आकडा: नेहमीच्या रेपोला (पॅकेजं देणाऱ्या भांडाराला) ५००, डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्टेटस फाइलला १००. ताऱ्यांच्या खाली फक्त १०० वाली एकच ओळ असेल, तर ते पॅकेज पोरकं आहे. म्हणजे आज कुठलाच रेपो ती आवृत्ती देत नाही. कधीतरी तिऱ्हाईत रेपोमधून किंवा हाताने डेब फाइल टाकून ती आत आली आणि तिथेच राहिली.

राहिली का, तर तिचा आवृत्ती-क्रमांक अधिकृत आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा मोठा आहे, आणि ॲप्ट आपणहून खालच्या आवृत्तीवर उतरत नाही. हे क्रमांक कसे तोलले जातात ते एकदा समजून घेतलं की निम्मी कोडी सुटतात. टिल्डचं चिन्ह (~) आलं की आवृत्ती ‘त्याच्या आधीची’ ठरते: २.५-१~बीपीओ१२+१ ही साध्या २.५-१ पेक्षा लहान. म्हणूनच बॅकपोर्ट्समधली (जुन्या डेबियनसाठी बिल्ड केलेली नव्या आवृत्तीची) पॅकेजं अपग्रेडच्या वेळी सहसा निमूट बाजूला होतात. तिऱ्हाईत रेपोवाल्याने टिल्डच्या जागी अधिकचं चिन्ह लावलं, तर तीच आवृत्ती मोठी होते. आणि सुरुवातीला ‘१:’ असा इपॉक (बाकी क्रमांकाच्या आधी तोलला जाणारा आकडा) असेल तर विचारूच नका, १:०.९ ही ९.० ला केव्हाही भारी पडते.

आता उपाय (ट्रिक्सी हे डेबियन १३ चं नाव). ‘ॲप्ट इन्स्टॉल लिबअमुक१/ट्रिक्सी लिबअमुक-डेव/ट्रिक्सी’. दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये हवीत, एकेक करून गेलात तर तीच एरर पुन्हा समोर येईल. पॅकेजं बरीच असतील तर ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये पिन (प्राधान्य ठरवणारी नोंद) लावा आणि प्राधान्य १००१ द्या. १००० किंवा त्याहून वरच्या प्राधान्यालाच ॲप्ट मागे जायला तयार होतं. काम झालं की ती पिन काढायला विसरू नका. आणि डेटाबेस सर्व्हरला हा प्रयोग करू नका: प्रोग्रॅम मागच्या आवृत्तीवर जातो, डिस्कवरच्या डेटाचा फॉरमॅट जात नाही.

पोरक्या पॅकेजांचा शोध अपग्रेडच्या आधीच घेतलेला बरा. तिऱ्हाईत रेपो बंद करा, ‘ॲप्ट अपडेट’ करा आणि मग ‘ॲप्ट लिस्ट ~ओ’ चालवा. टिल्डला जोडून इंग्रजी लहान ओ. कुठलाच रेपो देत नाही अशी सगळी पॅकेजं समोर येतात. उबुंटूचं ‘डू-रिलीज-अपग्रेड’ तिऱ्हाईत रेपो आपणहून बंद करतं, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण रेपो बंद केला म्हणून त्यातून आलेली पॅकेजं जात नाहीत. नेमकी तीच आडवी येतात.

मग सोर्समधलं (रेपोंच्या यादीतलं) बुकवर्म, म्हणजे डेबियन १२ चं नाव, बदलून ट्रिक्सी करा, पुन्हा ‘ॲप्ट अपडेट’ करा आणि दोन टप्प्यांत जा. पहिला ‘ॲप्ट अपग्रेड --विदाऊट-न्यू-पीकेजीज’. यात काही काढलं जात नाही, नवं काही येत नाही, जे जागच्या जागी बदलता येतं तेवढंच बदलतं. दुसरा ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’, पण आधी त्याला ‘-एस’ (इंग्रजी लहान एस) पर्याय लावून लुटुपुटीचा चालवा आणि ‘रेम्व्ह’ने सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे काढायच्या पॅकेजांची यादी, वाचा. सर्व्हर दुरून चालवत असाल तर हे टीमक्स या टर्मिनल प्रोग्रॅमच्या आत करा. कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं.

डेबियन १३ मध्ये ही काढायची यादी पाहून पोटात गोळा येतो. लिबएसएसएल३ जाणार? जाणार, आणि लिबएसएसएल३टी६४ येणार. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांचं वेळेचं मोजमाप संपतं, त्यावरचा उपाय म्हणून ३२ बिटी एआरएमसारख्या प्रकारांवर वेळ ६४ बिटी झाली. शेकडो लायब्ररींची नावं मात्र ६४ बिटी मशीनवरही बदलली. त्यामुळे काढायच्या यादीतल्या लायब्ररीचा टी६४ जोडीदार यायच्या यादीत दिसला, की पुढे चला. एएमडी६४ वर (नेहमीच्या ६४ बिटी पीसीवर) नवं पॅकेज सहसा ‘मीच ते जुनं’ असंही जाहीर करतं, म्हणून बाहेरची पॅकेजं बहुधा चालत राहतात. ३२ बिटी एआरएमवर ही सोय नाही. तिथे बाहेरचं पॅकेज नव्याने बिल्ड केलेलंच लागतं.

यादीत दिसू नयेत अशी नावं वेगळी: लिनक्स-इमेज-एएमडी६४, ओपनएसएसएच-सर्व्हर, सुडो, नेटवर्क सांभाळणारं पॅकेज. डेस्कटॉपचं मेटापॅकेज दिसलं तर लगेच काही कोसळत नाही, ते रिकामंच असतं, फक्त बाकीची पॅकेजं ओढून आणतं. पण त्याच्या भरवशावर असलेलं सगळं पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’मध्ये (कुणाला न लागणारी पॅकेजं काढणाऱ्या कमांडमध्ये) उडू शकतं.

एवढं करूनही अर्ध्यात अडकलं, तर अडलंय ते बहुधा डीपीकेजी, ॲप्ट नव्हे. ‘डीपीकेजी --ऑडिट’ अर्धवट राहिलेली पॅकेजं दाखवतं. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ एवढ्यानेही पुष्कळदा गाडी रुळावर येते. नाही आली तर दोनच शक्यता वारंवार दिसतात.

एक: ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’. एकाच फाइलवर दोन पॅकेजं हक्क सांगतायत. फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली गेली आणि नव्या पॅकेजने ‘रिप्लेसेस’ लिहिलं नाही, की असं होतं. ‘डीपीकेजी -एस’ला, इंग्रजी मोठा एस, फाइलचा मार्ग दिला की आत्ताचा मालक कळतो. मालक तिऱ्हाईत असेल तर त्यालाच काढा. दोन्ही पॅकेजं अधिकृत आणि फाइल मॅन पेजसारखी निरुपद्रवी असेल, तर ‘--फोर्स-ओव्हरराइट’ चालेल. तुमच्या प्रश्नातल्या ‘फोर्स’ला ‘हो’ म्हणण्याजोगी जागा एवढीच. ‘--फोर्स-डिपेंड्स’ने डीपीकेजी गप्प बसतं, पण पुढच्या प्रत्येक कमांडला ॲप्ट तेच गाऱ्हाणं घेऊन उभं राहतं. ‘--फोर्स-ऑल’चं नावही काढू नका.

दोन: पोस्टइन्स्ट, म्हणजे पॅकेज उलगडल्यावर चालणारी स्क्रिप्ट, पडते. पॅकेज उलगडलेलं असतं, पण सर्व्हिस सुरू होत नाही. ‘जर्नलसीटीएल -यू’ला सर्व्हिसचं नाव द्या. पुष्कळदा जुन्या कॉन्फिगमधला एखादा पर्याय नव्या आवृत्तीत उरलेला नसतो. ती ओळ काढली की कॉन्फिगर पार पडतं. तरी कारण सापडेना, तर ‘युएसआर’मधल्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये डोकवा. तिथे हाताने बिल्ड केलेलं ओपनएसएसएल किंवा पायथन पडलेलं असतं, आणि सिस्टीमला ते आपल्या स्वतःच्या प्रतीच्या आधी सापडतं. पॅकेज व्यवस्थेला त्याची खबरच नसते, म्हणून एररमध्ये त्याचं नाव येत नाही. ‘एलडीडी’ चालवलं की लायब्ररीचा मार्ग उघडा पडतो. तो फोल्डर तात्पुरता बाजूला ठेवा आणि पुन्हा कॉन्फिगर करा.

आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल, तर सगळं झाल्यावर ‘ॲप्ट लिस्ट ~ओ’ पुन्हा चालवाल तेव्हा त्यात पोस्टग्रेएसक्यूएल-१५ दिसेल. डेबियन १३ मध्ये १७ आहे, पण तुमचा डेटा अजून १५ च्या क्लस्टरमध्येच (त्या आवृत्तीच्या डेटासाठ्यातच) आहे. ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ने तो हलवून, तपासून होईपर्यंत त्या पॅकेजला हात लावू नका.